दोन तासांच्या वाटेवर बिछाना

हौशी : दिल्लीत माझं काहीही काम नाही, हे आधीच सांगून टाकतो. मला जायचंय ते विमानासाठी. मुंबई-दिल्लीच्या वाटेवर एअर इंडिया अधूनमधून आपली लांब पल्ल्याची मोठी विमानं लावते. त्यांचं एअरबस ए-३५० पहिल्यांदा प्रवासी घेऊन उडालं ते २२ जानेवारी २०२४ला, आणि तेही न्यूयॉर्कला नाही, बंगळूरहून मुंबईला. त्या विमानात सगळ्यात पुढे २८ आसनं आहेत. प्रत्येकाला सरकतं दार, बटण दाबलं की सपाट बिछाना. अमेरिकेच्या तिकिटाला या आसनाचे लाखांत पैसे पडतात, आणि ते मी कधी मोजेन असं मला वाटत नाही. दिल्लीच्या तिकिटाला तेच आसन, तीच खिडकी त्याच्या लहानशा भागात मिळते. दोन तास मिळते, पण मिळते. संध्याकाळच्या पनवेल लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा म्हणून टेकून मी किती वर्षं घरी आलोय, तुला ठाऊक आहे. एकदा तरी पाय पूर्ण पसरून प्रवास करायचाय. एवढीच माझी हौस.

चिकित्सक : दुधाची तहान ताकावर भागवायला निघालायस, मला तरी यात एवढंच दिसतं. हिशेब मांडू. पनवेलहून सायन-पनवेल महामार्गानं अंधेरीच्या टर्मिनल दोनला पोचायला गर्दीच्या वेळी सहज दोन तास जातात, म्हणजे दिल्लीच्या उड्डाणाइतकेच. उड्डाणाच्या दोन तास आधी पोचायचं. मग विमान रांगेत उभं, कारण मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि एका वेळी एकच वापरता येते. उडाल्यावर चढणीची वीसेक मिनिटं आणि शेवटची उतरणीची पंचवीस-तीस मिनिटं पट्टा बांधून, आसन सरळ ठेवून बसायचं. मध्ये उरतो जेमतेम तास. त्यातला अर्धा जेवणाचा ट्रे समोर असताना जाणार. बिछान्यावर तू आडवा होणार तो घटकाभर. आता हा बिछाना विमानात आला कशासाठी ते बघ. ब्रिटिश एअरवेजनं २००० साली बिझनेस वर्गात पहिल्यांदा पूर्ण सपाट होणारं आसन आणलं. रात्री अटलांटिक ओलांडायचा आणि सकाळी थेट कामाला लागायचं, अशा माणसाची झोप वाचावी म्हणून. त्या सोयीमागे एक खरी अडचण आहे : रात्र, थकवा, आठ-दहा-पंधरा तासांचं अंतर. तुझ्या प्रवासात यातलं काहीच नाही. सकाळी झोपून उठलेला माणूस दुपारी बिछान्यासाठी पैसे भरतो आणि तासाभरात उठून बसतो. भूक नसताना पंगतीला बसून श्रीखंडावर ताव मारण्यात जी चव लागेल, तीच इथे लागेल.

हौशी : तू सांगितलेला अटलांटिकवरचा माणूस त्या आसनावर करतो काय? झोपतो. म्हणजे त्याला ते आसन लक्षातही येत नाही, येऊ नये म्हणूनच ते बनवलंय. ज्या प्रवासात बिछाना सर्वांत उपयोगी, त्याच प्रवासात त्याचा अनुभव सर्वांत कमी. मला ते आसन जागेपणी हवंय. कडेच्या फळीवरची बटणं, पाठ खाली जाताना पायाखालचा भाग वर येऊन दोन्ही एका पातळीत मिळतात ती जागा, पाय ज्या कोनाड्यात जातात तो कोनाडा, मान वळवली की एकाहून जास्त खिडक्या. माणसाच्या देहाला एवढ्याशा जागेत कसं बसवायचं, झोपवायचं, जेवू घालायचं, यावर किती लोकांनी किती वर्षं डोकं चालवलंय ते मला हातानं चाचपून बघायचंय. आणि खिडकी तर बघायचीच. दिल्लीहून परत येताना विमान बहुतेक पूर्वेकडून मुंबईत उतरतं, नवी मुंबई आणि ठाण्याच्या खाडीवरून. डाव्या खिडकीशी बसलास आणि हवा स्वच्छ असली तर वाशीचा पूल, बेलापूरची टेकडी, त्यापलीकडे पनवेलची खाडी आणि पार मागे कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका, असं आपलं सगळं जग एका नजरेत येतं. ज्या गावात जन्म गेला त्याचा आकार कसा आहे, हे गावात उभं राहून कळत नाही.

चिकित्सक : कर्नाळ्याचा सुळका इकॉनॉमीच्या खिडकीतूनही तेवढाच दिसतो. मुद्दा इथेच आहे. तुझं प्रेम विमानावर असेल तर मी एक शब्द बोलणार नाही. ए-३५०ची काया निम्म्याहून जास्त कार्बन-तंतूंच्या मिश्र साहित्याची आहे. त्यामुळे आत हवेचा दाब जास्त ठेवता येतो. जुन्या विमानांत आपण जवळजवळ २,४०० मीटर उंचीवर असल्यासारखा श्वास घेतो, यात १,८०० मीटरच्या आसपास. महाबळेश्वरपेक्षा थोडं वर, एवढंच. शिवाय आवाज कमी, खिडक्या मोठ्या. पण हे सगळं मागच्या २६४ आसनांनाही मिळतं. विमान सगळ्यांना सारखंच उडवतं. मग जे पैसे तू जास्त भरणार ते कशाचे? दाराचे, जागेचे आणि कुणीतरी आपल्याला नावानं हाक मारून काय हवं-नको विचारावं याचे. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. तुला विमान हवंच आहे, पण त्याहून जास्त तुला पुढे बसायचंय. मागच्यांनी आत येताना तुझ्या आसनाशेजारून जावं आणि बघावं, हेही त्यात आलं.

हौशी : पहिलं कबूल, शेवटचं नाही. कुणी बघावं म्हणून नाही. पण जागा हवी, आणि कुणीतरी विचारावं हेही हवं. हे मागायला माणसाला लाज का वाटावी तेच मला कळत नाही. आपल्या घरांत आराम हा आजाऱ्यानं करायचा असतो. धडधाकट माणसानं पाय ताणले की त्याला कारण द्यावं लागतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण इतकं मनावर घेतलं की अंथरूण मोठं झालं तरी पाय पोटाशी घेऊनच झोपतो. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. गुडघे गेलेत. तिला लंडनला नेणं मला परवडणार नाही आणि तिच्यानं ते होणारही नाही. पण दोन तासांचा प्रवास तिला झेपेल. आयुष्यभर पंगतीत शेवटी बसलेल्या बाईला कुणी गरम रुमाल आणून दिला, आधी तिला विचारलं, मग बाकीच्यांना, तर ती चैन म्हणायची का?

चिकित्सक : आईला ने. त्याला मी चैन म्हणणार नाही. पण बघ, तू काय केलंस ते. स्वतःच्या हौसेचं समर्थन करायला गेलास आणि आईचे गुडघे पुढे केलेस. म्हणजे तुलाही आतून वाटतं की नुसत्या मजेसाठी हे करणं पुरेसं नाही, त्याला गरजेचा आधार हवा. मी तरी वेगळं काय म्हणतोय?

हौशी : बरोबर पकडलंस. आईचा मुद्दा मागे घेतो. तिला नेईन तेव्हा तिच्यासाठी नेईन. आता निव्वळ हौसेबद्दल बोलू. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणलं. पुस मॉथ नावाचं एकाच इंजिनाचं छोटं विमान, जुहूला उतरलं. ते कामाचं उड्डाण. पण बरोबर ५० वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी लेपर्ड मॉथ विमानातून तीच वाट पुन्हा एकट्यानं उडून दाखवली. तेव्हा टपाल जेटनं जात होतं. त्या उड्डाणाची कुणाला गरज नव्हती. ते उड्डाणाच्या आनंदासाठी होतं, आणि नव्या पोरांना त्या आनंदाची आठवण राहावी म्हणून होतं. भारतातल्या विमानप्रवासाची सुरुवात ज्यानं केली त्यानंच हे करून ठेवलंय. उड्डाणाला गरजेपलीकडे काही असूच नये, असं म्हणणारा माणूस विमानाच्या इतिहासातला निम्मा भाग खोडून टाकतो.

चिकित्सक : जे. आर. डीं.चा दाखला इथे लागू होत नाही. त्यांच्या हातात दांडा होता, तुझ्या हातात मेनूकार्ड असेल. त्यांनी त्या वयात अंगावर जोखीम घेतली. वाऱ्याची, इंजिनाची, स्वतःच्या डोळ्यांची. त्यांचा आनंद कौशल्याचा होता आणि कौशल्य पैशानं मिळत नाही. तुझा आनंद पूर्ण विकत घेतलेला आहे. विकतचा आनंद वाईट असतो असं मी म्हणत नाही. नाटकाचं तिकीटही आपण विकतच घेतो. पण विकत घेतलेल्या गोष्टीबद्दल एक प्रश्न विचारता येतो, जो कौशल्याबद्दल विचारता येत नाही : ही वस्तू मला मिळते तेव्हा ती कुणाच्या वाट्याची कमी होते?

हौशी : कुणाच्याच नाही, असं मी म्हणेन. उलट आज चैन दिसते तीच उद्या सगळ्यांची होते. दख्खनची राणी बघ. १ जून १९३०ला ती सुरू झाली ती कशासाठी? मुंबईच्या श्रीमंतांनी पुण्याला घोड्यांच्या शर्यतींना जावं म्हणून. आठवड्याच्या शेवटी धावणारी, पहिला आणि दुसरा वर्ग एवढेच, जेवणाचा डबा सोबत. मुंबई-पुणे म्हणजे १९२ किलोमीटर. एवढ्याशा वाटेवर एवढा थाट! त्या काळी तू असतास तर हेच म्हणाला असतास की तीनेक तासांसाठी कशाला हवा जेवणाचा डबा. पुढे १९५५ साली तिला तिसरा वर्ग जोडला, आणि आज ती पासधारकांची गाडी आहे. तिचा वाढदिवस पुण्याच्या स्टेशनात केक कापून साजरा करणारी माणसं शर्यतवाली नाहीत, नोकरदार आहेत. छोट्या वाटेवरच्या त्या थाटातूनच महाराष्ट्राची सर्वांत लाडकी गाडी झाली. आधी थोड्यांनी मजेसाठी वापरावं, मग ते सर्वांचं व्हावं, हीच रीत असते.

चिकित्सक : रीत असते, पण प्रत्येक वस्तूला ती लागू होत नाही. दख्खनची राणी सगळ्यांची झाली कारण तिला डबे जोडता आले आणि डब्यांत जास्त माणसं बसवता आली. थाट कमी होत गेला तशी माणसं वाढली. तुझ्या बिझनेस वर्गाचं गणित उलटं आहे. ए-३५०मध्ये पुढे एका रांगेत चार माणसं बसतात, मागे नऊ. शिवाय पुढच्या रांगेला लांबीही जास्त लागते. म्हणजे तुझ्या एका बिछान्याच्या जागेत मागची तीनेक माणसं बसली असती. हा थाट सर्वांचा करायचा म्हटलं तर विमानं तिप्पट लागतील. म्हणून तो कधीच सर्वांचा होणार नाही. तो थोड्यांचा राहण्यावरच उभा आहे. आणि जागा म्हणजे इंधन. ब्रिटनचं सरकार कंपन्यांना प्रवासाचा कार्बन मोजण्यासाठी दरवर्षी जे गुणक छापतं त्यात लांब पल्ल्याच्या बिझनेस प्रवाशाच्या नावे इकॉनॉमीच्या जवळजवळ तिप्पट धूर मांडलेला असतो. यामागे दुसरं काही नाही, फक्त चौरस फुटांची वाटणी. त्यात मोठं विमान छोट्या वाटेवर. पंधरा तास उडायला बांधलेले ते पंख, ती चाकं, त्या रिकाम्या टाक्या असं सगळं वजन उचलून वर न्यायचं आणि वर पोचतो न पोचतो तोच खाली आणायचं. इंधनाचा मोठा खर्च चढणीत असतो. छोट्या प्रवासात ती चढण थोड्याच किलोमीटरांत वाटली जाते. आणि हे सगळं दिल्लीत काम नसताना.

हौशी : पण ते विमान मी नसलो तरी उडणारच आहे. ते दिल्लीला का जातं तेही बघ. नवं विमान आलं की वैमानिकांना आणि आतल्या कर्मचाऱ्यांना हात बसवावा लागतो. ९० दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन अवतरणं नाही झाली तर वैमानिकाला प्रवासी घेऊन उडता येत नाही. न्यूयॉर्कच्या एका खेपेत चार वैमानिक असतात आणि अवतरण एकच होतं. देशातल्या छोट्या खेपांत ती संख्या पटकन भरते. म्हणून २०२४च्या सुरुवातीला ए-३५० मुंबई, दिल्ली, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद असं फिरलं. दुसरं, विमानाची परदेशची खेप एका शहरातून सुटणार असते आणि ते उभं असतं दुसऱ्या शहरात. मग रिकामं नेण्यापेक्षा माणसं घेऊन नेतात. तिसरं, पोटात माल चांगला जातो. चौथं, मुंबईत उतरायला-उडायला वेळेचे तुकडे मोजकेच. एका तुकड्यात १८० माणसं नेण्यापेक्षा ३१६ नेली तर बरंच. जपाननं तर १९७३पासून बोइंग ७४७ची खास आखूड पल्ल्याची जात बनवून घेतली होती, पुढे पाचशेहून जास्त माणसं घेऊन ती विमानं तासा-दीड तासाच्या वाटेवर उडायची. एमिरेट्सनं २०१९ साली जगातलं सर्वांत मोठं प्रवासी विमान ए-३८० दुबई-मस्कतला लावलं, जेमतेम ३४० किलोमीटर. म्हणजे पनवेल ते रत्नागिरीहून थोडं जास्त. यातला एकही निर्णय माझ्यासारख्या हौशी माणसासाठी झालेला नाही. मी फक्त एका उडणाऱ्या विमानातल्या रिकाम्या आसनावर बसतोय.

चिकित्सक : हे वाक्य ३१६ जण म्हणू शकतात. मी नसलो तरी विमान उडणारच, असं प्रत्येकजण म्हणतो आणि म्हणूनच ते भरतं. तिकीट काढणं म्हणजे कंपनीला कळवणं की हे विकलं जातं. नव्या विमानात पुढची आसनं किती ठेवायची हे कुणी हवेत ठरवत नाही, विकली गेलेली तिकिटं मोजून ठरवतात. सरकारलाही यातला फरक कळतो. २२ सप्टेंबर २०२५पासून इकॉनॉमीवरच्या वर्गांचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८वर गेला, इकॉनॉमीचा ५ टक्केच राहिला. धूर आणि जागा यांचा हिशेब त्या १८ टक्क्यांत मिटतो असं तू म्हणशील, पण तो पैसा नव्या विमानतळाशेजारच्या डुंगी गावच्या माणसाला मिळत नाही.

(डुंगीचं नाव आलं तिथून हा वाद विमानाचा राहत नाही, पनवेलचा होतो, आणि मला वाटतं, तो पनवेलचा झाल्याशिवाय आपल्या कामाचाही होत नाही.)

चिकित्सक : कारण आपलं पनवेल आता नुसतं विमानं बघणारं राहिलेलं नाही. २५ डिसेंबर २०२५पासून आपल्याच दारात नवी मुंबईचा विमानतळ चालू झालाय. १,१६० हेक्टर. उलव्याची टेकडी सुरुंगांनी फोडून सपाट केली, उलवे नदीचा मार्ग वळवला, खाडीकाठच्या दलदलीत भराव घातला. वरचं ओवळं, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली अशी गावं उठली आणि वडघर, करंजाडे, वहाळला जाऊन बसली. भराव झाल्यावर डुंगीत पावसाचं पाणी घराघरांत शिरायला लागलं. एवढी किंमत मोजून एक सार्वजनिक सोय उभी राहते तेव्हा ती कशासाठी वापरायची याला काही धरबंध असावा की नाही? आजारी माणसाला लवकर पोचता यावं, पोरांना शिकायला जाता यावं, भाजी-मासळी ताजी जावी, नोकरदाराचे चार तास वाचावेत. या कामांसाठी गावं उठली म्हटलं तर निदान गावकऱ्याच्या डोळ्याला डोळा देता येतो. दिल्लीला जाऊन पराठा खाऊन बिछान्यावर लोळत परत येण्यासाठी उठली, असं त्याला सांगशील?

हौशी : गावकऱ्याच्या डोळ्याला डोळा द्यायचा म्हणतोस, तर आधी त्याच्या डोळ्यांनी बघ. जमीन गेलेली माणसं म्हणजे कायम काठावर उभी राहून दुसऱ्याचं विमान बघणारी माणसं, असं तू गृहीत धरतोस. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४च्या जानेवारीत शेतकरी रस्त्यावर उतरले, पाच जण गोळ्यांना बळी पडले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. विमानतळाच्या गावांनी साडेबावीस टक्क्यांपर्यंत तो ताणून घेतला. २०२१च्या जूनमध्ये विमानतळाला दिबांचं नाव द्या म्हणून हजारोंची मानवी साखळी उभी राहिली. ती माणसं विमानतळ नको म्हणत नव्हती, तो आमचा आहे म्हणत होती. आमचा म्हणजे काय? फक्त सामान उचलण्याची नोकरी आमची? पार्किंगचं कंत्राट आमचं? की पुढचं आसनही आमचं? करंजाड्याचा एखादा पोरगा मिळालेल्या पैशातून एकदा बापाला घेऊन पुढच्या रांगेत बसला, ज्या मातीत भात लावला तिच्यावरून उडाला, आणि त्याला दिल्लीत काही काम नव्हतं, तर मला त्यात उधळपट्टी दिसत नाही. उपयोगाच्या प्रवासाचा हक्क तू त्याला देतोस. निरुपयोगी प्रवास मात्र ज्यांनी आधीपासून केलाय त्यांच्यासाठी राखून ठेवतोस. गरिबानं नेहमी कारणानंच घराबाहेर पडावं, हा विचार मला तुझ्या कार्बनइतकाच जड वाटतो.

चिकित्सक : हे मला लागलं, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या कर. त्या पोराला पुढच्या रांगेत बसायचा हक्क आहे, यावर वादच नाही. त्याला तो हक्क आहे म्हणून पुढची रांग निर्दोष ठरत नाही. त्याच्या भाताच्या मातीवरून तो उडाला तरी धूर तेवढाच. पुढच्या पावसाळ्यात पाणी कुणाच्या घरात शिरेल हे पुढच्या आसनावर कोण बसलं यावरून ठरत नाही. शिवाय आजचं वास्तव हे की नव्या विमानतळाची सुरुवात देशातल्या वाटांवरच्या, मध्ये एकच वाट असलेल्या छोट्या विमानांनी झाली. तुझा बिछाना अजून अंधेरीहूनच सुटतो. ज्यांच्या दारात विमानतळ आला त्यांना त्यासाठी खाडी ओलांडूनच जावं लागतं.

हौशी : अंतर आणि धूर, दोन्हींवर माझ्याकडे एक तोड आहे. ऐकून घे. खास आसनासाठी दिल्लीला जायचं आणि यायचं, हे सोडतो. ती खेप नसती तर जगाचं काही बिघडलं नसतं, हे मला मान्य. पण पुढच्या वर्षी बहिणीकडे दिल्लीला लग्न आहे. जायचंच आहे. गाडीनं सुट्टी पुरत नाही. त्या वेळी मोठं विमान कुठल्या वेळेला लागतंय ते बघेन, त्याचं तिकीट काढेन आणि जाताना एकदा पुढे बसेन. येताना मागे. खेप आधीच ठरलेली, हौस तिच्यावर बसवलेली. आता तुझा आक्षेप काय उरतो?

चिकित्सक : निम्मा गेला, निम्मा राहिला. नवी खेप तू निर्माण केली नाहीस, हे खरं. त्यामुळे काम नसताना उडण्याचा आरोप मी मागे घेतो. जागेचा आरोप मात्र तिथेच आहे. लग्नाला जातानाही तू तिघांच्या जागेत एकटा झोपणार. आणि एक नवीन अडचण तूच काढलीस. खेप खरी, हौस वरची, असं म्हटलं की प्रत्येक हौशी माणूस आधी एखादं लग्न शोधेल. कुणाचं तरी लग्न नेहमीच असतं.

हौशी : जागेच्या आरोपाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि असल्याचं सोंगही घेणार नाही. तिघांची जागा मी दोन तास घेणार आहे, माझ्या पैशानं, माझ्या मजेसाठी, एकदा. लग्नाच्या आडून नाही, उघड. पण मग एक गोष्ट तूही सांग. त्याच पुढच्या रांगेत माझ्या शेजारी बसलेला माणूस एखाद्या कंपनीच्या पैशानं चाललाय, तासाभराच्या बैठकीला, जी फोनवरही झाली असती. त्याच्या नावे तेवढाच धूर, तेवढीच जागा. तो महिन्यातून चारदा जातो. त्याला दिल्लीत कशाला जातोस असं इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, कारण त्याच्याकडे काम आहे. मी एकदाच जातोय तर मला दुपारभर उत्तरं द्यावी लागली, कारण माझ्याकडे आनंद आहे. कामाला जी सवलत आपण न विचारता देतो ती आनंदाला का नाही?

चिकित्सक : कामाचा फायदा करणाऱ्याच्या पलीकडे पोचतो, असं मी एरवी म्हणालो असतो. पण फोनवर होण्यासारख्या बैठकीचा पोचतो का, हे मी तपासलेलं नाही. कंपनीनं भरलं म्हणजे ते गरजेचं, एवढं धरून मी चाललो होतो. तुझं तिकीट मला अजूनही पटत नाही. पण आता तुझ्या शेजाऱ्याचं तिकीटही पटेनासं झालंय, आणि त्याची तर कंपनी हिशेबात खर्च म्हणून वजावटही घेते. तुझ्या एका खेपेला मी एवढं ताणलं, तर त्याच्या वर्षभराच्या खेपांबद्दल कुणाला विचारायचं? त्याला, कंपनीला, की दर वर्षी ती वजावट मान्य करणाऱ्या सरकारला?

हौशी : सगळ्यांना विचार. मी तिकीट काढायच्या आत विचारलंस तर आणखी बरं.